निळ्या दोऱ्याच्या मिरच्या

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगते. तीर्थपुरीच्या अल्याडपल्याड कुठल्याही बाईला विचारा, ती म्हणेल, मुकादमीन कामाला चोख, पण तोंड म्हणजे फोडणीतली मोहरी. माझा नवरा तर म्हणतो, चर्चमध्ये डोळे मिटून बसते तेवढा वेळ ही गप, बाकी वेळ देवालाच हिचं ऐकावं लागतं. तो जालन्याला एमआयडीसीत कामाला जातो. सकाळी निघतो तो दिवेलागणीला येतो, म्हणून आमचा संसार टिकला, असंही वरून म्हणतो. म्हणू द्या.

मुकादमीन म्हणजे मी बायांची टोळी चालवते. आमच्या भागात शेतकरी जाळीचा मांडव उभा करतात आणि त्यात कंपनीसाठी मिरचीचं बियाणं पिकवतात. शेडनेट म्हणतात त्याला. आत दोन जातींची झाडं असतात, एक मादी, एक नर. दुपारनंतर मादीच्या झाडावर उद्या उमलेल अशी कळी हुडकायची, चिमट्यानं हलकेच उघडायची आणि आतले निळसर केसर काढून टाकायचे. सगळे. एकही राहता कामा नये. मग देठाला दोरा बांधायचा, म्हणजे सकाळी ती कळी पानांत सापडते. सकाळी नराच्या फुलातली पावडर आणून तिला लावायची, की झालं क्रॉसिंग. पुढं दोऱ्याची मिरची तेवढी बियाण्याला ठेवायची, बिनदोऱ्याची तोडून फेकायची.

आता कळीत एखादा केसर राहिला, तर ती आपली आपणच फळते. वरून दोरा तर असतोच. अशी मिरची चांगल्या मिरच्यांत बसली की दिसायला तीही तशीच, कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. त्याला आम्ही भेसळ म्हणतो. कंपनी नंतर ते बी लावून बघते, आणि त्यात भेसळ निघाली तर सगळाच्या सगळा माल नापास करते. मालक काही प्रत्येक कळी उघडून बघत नाही. तो दोऱ्यावर विश्वास ठेवतो. म्हणून आमच्या कामात दोरा बांधणं म्हणजे शब्द देणं आहे. ही कळी मी साफ केली, असं ती बाई त्या दोऱ्यानं सांगत असते.

माझ्या टोळीत प्रत्येकीचा दोरा वेगळ्या रंगाचा. कुणाचं काम कसं, ते मला लांबूनच कळावं म्हणून मी ही रीत घातली. लाल, पिवळा, पांढरा, हिरवा, ज्या त्या बाईनं आपला रंग हंगामाच्या पहिल्या दिवशी निवडायचा. निळा मात्र कायम टोळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशीचा. त्याच्यावरून दर वर्षी तंटा व्हायचा. टोळीत माझी एक मैत्रीण आहे, बौद्ध, आमच्याच गल्लीतली, रविवारी आम्ही ख्रिस्ती बाया उपासनेला गेलो की टोळी तीच सांभाळते. ती म्हणायची, मावशी, निळा आमचा आहे, तुम्ही आपला पांढरा घ्या, पाळकसाहेबांच्या झग्याचा. मावशी म्हणायच्या, आभाळ कुणाच्या बापाचं आहे का गं? आणि दोघी हसायच्या. सकाळी नेटच्या दारात ही ‘जय भीम’ म्हणायची, त्या ‘जय ख्रिस्त’ म्हणायच्या, कुणी ‘राम राम’ म्हणायचं, आणि मग मावशी दोन शब्दांची प्रार्थना करायच्या. जिला हात जोडायचे ती जोडायची, जिला पदर सावरायचा ती पदर सावरायची. एकीचंही कधी काही म्हणणं नव्हतं.

मावशी माझी नात्यातली मावशी नव्हे. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला ना काम येत होतं, ना धड प्रार्थना येत होती. दोन्ही तिनं शिकवलं. मनात मी तिला कायम ‘अगं मावशी’च म्हणते, तोंडावर ‘तुम्ही’. मुलगा-सून पुण्याला असतात, ही इथंच राहते, कारण तिथं चौथ्या मजल्यावर तिला करमत नाही आणि कुणाच्या जिवावर खायचं नाही. चिमटा हातात देताना तिनं मला एकच गोष्ट सांगितली होती. मालक बघून राह्यला का न्हाई ते बघायचं न्हाई, पोरी. कळी बघायची. आजपर्यंत मी माझ्या टोळीतल्या प्रत्येक नव्या बाईला हेच सांगत आले. त्यामुळंच आमचं नाव झालं. या ख्रिस्ती बाईच्या टोळीचा दोरा खरा, असं लोक म्हणायचे, आणि रविवारची सुट्टी मुकाट देऊन टाकायचे.

तर त्या वर्षी एका नव्या नेटचं काम आलं. नेट होतं एका सुनेचं. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, शिकलेली, देऊळगाव राजाकडची. माहेरी तिनं शेडनेट बघितलेलं. सासरी मोसंबी आणि कापूस. ती सासऱ्याच्या मागं लागली की मला दहा गुंठे द्या, मी बियाणं पिकवून दाखवते. सासरे म्हणजे आबा, गावातलं वजनदार माणूस. बोलायला कडक, पण शब्दाला पक्के. ते म्हणाले, एक हंगाम देतो. माल पास झाला तर नेट तुझं, त्यात मी बोट घालणार न्हाई. नापास झाला तर सांगाडा उपटून मोसंबी लावीन, आणि मंग तू घरात बसायचं, पुन्हा हे नाव काढायचं न्हाई. नवरा दोघांच्या मधे, तो कधी इकडचा, कधी तिकडचा. त्या पोरीनं ते मान्य केलं. माझ्याकडं आली तेव्हा ती म्हणाली होती, काकू, मला दुसरी टोळी नको, तुमचीच पाहिजे. आता अशा माणसाचं काम वाईट कसं करणार?

पोरगी पण कामाची. पहाटे नेटमध्ये, दुपारी नेटमध्ये. ओळीओळीत फिरायची, झाडाशी बोलल्यासारखी पुटपुटायची. आबा नेटच्या दाराशी खाट टाकून बसायचे. आत येत नव्हते. तिनं सांगितलं होतं, आबा, बाहेरचे किडे येतात, सारखं दार उघडू नका. त्याचा त्यांना राग आलेला. आपल्याच वावरात आपल्याला मनाई, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

संध्याकाळी काम सुटायच्या आधी मी प्रत्येक ओळीत जाऊन चार-दोन कळ्या उघडून बघायचे. कुणाची चूक निघाली की मग माझी मोहरी तडतडायची. अगं डोळे काय घरी ठेवून आलीस का, असं मी कितींदा म्हटलं असेल. मावशीच्या ओळीत मात्र कधी काही सापडत नव्हतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, बघा, या वयात ओळ बघा कशी चोख. आणि मावशी खाली बघून हसायची.

दिवाळी झाली. माझ्याकडं शेजारच्या गावातलं अजून एक नेट आलं, म्हणून मी अर्धा दिवस तिकडं आणि अर्धा दिवस इकडं अशी पळत होते. इकडं संध्याकाळी पोचायला उशीर व्हायचा, कळ्या उघडून बघणं राहून जायचं. एक दिवस तिकडचं काम लवकर आटपलं आणि मी दुपार कलतानाच इकडं आले. मावशी आपल्या ओळीत वाकून काम करत होती. तोंडानं नाताळचं गाणं, हलकंच. मी मागून उभी राहिले. ती कळीला बोटांनी चाचपत होती, चिमटा लावत होती, आणि चिमटा कळीच्या बाजूला हवेत मिटत होता. मग तिनं दोरा बांधला. गाठ इतकी नीट, काय सांगू. मी ती पुढं सरकेपर्यंत थांबले आणि कळी उघडली. आत सगळे केसर जसेच्या तसे. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरीत अर्धे निघालेले, अर्धे आत.

मी मैत्रिणीला हाताला धरून नेटच्या बाहेर ओढत नेलं, पाण्याच्या टाकीमागं, आणि तोंड सोडलं. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग खाली बसली आणि म्हणाली, आम्हाला माहिती होतं.

झालं होतं असं. हंगाम सुरू झाला तेव्हाच या सगळ्याजणींच्या ध्यानात आलं की मावशीला दिसत नाही. कुणी सांगायचं तिला? टोळीतल्या निम्म्या बायांना तर काम तिनंच शिकवलेलं. मग त्यांनी आपसांत ठरवलं की गुपचूप तिच्या मागून फिरायचं आणि तिच्या कळ्या साफ करायच्या. पाळी लावली नव्हती, जिला सवड मिळेल तिनं करायचं. म्हणून मला संध्याकाळी तिची ओळ चोख दिसायची. दिवाळीनंतर ओळी बदलल्या, कामाचा रेटा वाढला, आणि लालवालीला वाटलं पिवळ्यावाली करते, पिवळ्यावालीला वाटलं माझी मैत्रीण करते. शेवटी कुणीच करत नव्हतं. दोरे मात्र रोज बांधले जात होते.

मैत्रिणीनं तोडगाही काढून ठेवला होता. ती म्हणाली, निळ्या दोऱ्याच्या सगळ्या मिरच्या तोडून टाकू, थोड्या थोड्या करून. मालकिणीला म्हणू, गळ झाली, आपोआप पडल्या. मिरचीला गळ तर होतेच. बियाण्यात भेसळ जाणार नाही, मावशीची अब्रू राहील, टोळीचं नाव राहील. कुणाचं काय वाईट झालं?

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. घरी जाऊन मी त्याच्यावर प्रार्थनासुद्धा केली, आणि प्रार्थना अशी केली की प्रभू, हे चालेल ना? तो काही बोलला नाही. मी त्याचं गप बसणं म्हणजे होकार धरला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तू कधी विचारून काही केलंस?

दुसऱ्या दिवशी सकाळी नेटच्या दारातच मी थबकले. कुणा बाईनं आदल्या संध्याकाळीच ओंजळभर निळ्या दोऱ्याच्या मिरच्या तोडल्या होत्या, दोरे काढून घेतले होते आणि मिरच्या झाडाखाली टाकल्या होत्या. सुनेला त्या पहाटे दिसल्या. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन ती उभी होती, हातातला फोन कानाला. माहेरी भावाला विचारत होती की गळ होऊन राह्यली, काय मारू, पाणी जास्ती झालं का, माझंच काही चुकलं का. रात्रभर झोपली नसावी असं तोंड. आणि आबा खाटेवरून म्हणत होते, म्हणलं व्हतं. हे बायकांचं काम न्हाई म्हणलं व्हतं.

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आम्ही मावशीची चूक झाकायला निघालो होतो, आणि ती या पोरीच्या पदरात टाकत होतो. आमचं नाव राहणार, आणि हिचं नेट जाणार. गळ झाली म्हणजे कुणी केली? जिनं झाडं वाढवली तिनं. मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी तिच्या पाठीवरचा पंप ओढूनच काढला आणि म्हणाले, काही मारू नका. दुपारपर्यंत थांबा.

भाकरीच्या वेळेला मी मावशीला बाजूला घेऊन बसले. मी तिला भाजी वाढली, लोणचं वाढलं, पाणी दिलं. शेवटी तीच म्हणाली, पोरी, कुणी मेलंबिलं का? मग मी सगळं सांगितलं. कळ्यांचं सांगितलं, मागून फिरणाऱ्या बायांचं सांगितलं, गळीचं सांगितलं.

ती रडली नाही. हातातला घास तिनं परत भाकरीवर ठेवला.

“मला बिलकुल दिसत न्हाई असं न्हाई,” ती म्हणाली. “धुरकट दिसतं. पण तू रोज म्हणायचीस, मावशी, ओळ चोख. मला वाटलं, डोळे गेले तरी हात बघून राह्यलेत. मी रोज रात्री देवाचे आभार मानले त्याच्यासाठी.”

म्हणजे तिला फसवलं होतं ते डोळ्यांनी नाही, आम्ही. तिला जर पहिल्याच दिवशी कुणी म्हटलं असतं की मावशी, हे राहिलं, तर ती त्याच दिवशी चिमटा खाली ठेवून दुसरं काम मागायला गेली असती. पण आम्हा सगळ्यांचा तिच्यावर जीव. इतका जीव की तिला खरं सांगायचं राहूनच गेलं.

मी म्हणाले, तुम्ही बसा, मालकिणीला मी सांगते, मुकादमीन मी आहे. ती उठली, लुगडं झटकलं.

“दोरा माझा हाय,” ती म्हणाली. “तू कशी सांगशील? चल, मला खाटेपर्यंत घेऊन चल.”

मी तिचा हात धरून तिला घेऊन गेले. आबा खाटेवर, सून दाराशी, नवरा कुठूनतरी उगवलेला. मावशी उभ्यानंच बोलली. मला दिसत नव्हतं, मी सांगितलं नाही, निळ्या दोऱ्याच्या मिरच्यांत भेसळ आहे, झाडाला काही झालेलं नाही, तुमच्या सुनेचं काही चुकलेलं नाही. मागून फिरणाऱ्या बायांचं तिनं एक अक्षर काढलं नाही. ते मी काढलं. आता अर्धं सांगून काय उपयोग होता?

आबांनी विचारलं, दिवाळीनंतरच्याच तोडल्या तर? मी म्हणाले, खालच्या जुन्या आणि शेंड्याच्या नव्या ओळखू येतील, पण मधल्यांचं मी छातीठोक सांगू शकत नाही. निळ्या सगळ्याच काढाव्या लागतील. ते म्हणाले, बऱ्याच हायेत. मी म्हणाले, हो. ते म्हणाले, आणि कंपनीच्या साहेबाला कळलं तर? हा साहेब दर आठवड्याला फेरी मारायचा, आणि त्याच्या मनात आलं असतं तर तो तिथल्या तिथं प्लॉट रद्द करू शकत होता. हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. सुनेच्या नवऱ्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाला, साहेबाला कशाला सांगायचं, आपण काढल्या की संपलं. सगळे सुनेकडं बघायला लागले. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. पण पहाटेपासून जे ओझं होतं ते उतरलेलंही दिसत होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

“तोडा निळ्या,” ती म्हणाली. “साहेबाला मी सांगते. म्हातारीनं तुमच्या तोंडावर सांगितलं, मंग मी काहून लपवू?”

आबा माझ्याकडं वळून म्हणाले, “अन् बाकीचे रंग खरे हायेत, हे कशावरून?” माझ्या तोंडाला टाळं बसलेलं आबांनी त्या दिवशी बघितलं. दुसरीकडं सांगतातही.

दुपारभर आम्ही निळ्या मिरच्या तोडल्या. चांगल्या भरलेल्या, हिरव्यागार. मावशीला म्हटलं, घरी जा, पण ती हलेना. ढिगाजवळ बसली आणि एकेका मिरचीचा दोरा सोडवायला लागली. दोऱ्याची मिरची चुकून परत मालात गेली तर? गाठ सोडवायला डोळे लागत नव्हते. स्वतःच बांधलेल्या गाठी ती एक एक करून उसवत होती, आणि तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. मैत्रीण माझ्या शेजारी तोडत होती, तीही नाक ओढत होती. मी तिला म्हणाले, तिखट लागलं वाटतं. ती म्हणाली, तुला पण.

साहेब आला. सुनेनं त्याला ओळीओळीतून फिरवलं, ढीग दाखवला. तो बराच तापला, मला चार गोष्टी सुनावल्या, मी ऐकून घेतल्या. मग त्यानं बाकीच्या रंगांच्या कळ्या स्वतः उघडून बघितल्या. जाताना म्हणाला, सध्या ठेवतो, पण तपासणीत एवढीशी जरी भेसळ निघाली तरी माझ्याकडं येऊ नका. त्यानंतर काम संपेपर्यंत मी शेजारच्या गावातलं नेट सोडून दिलं आणि इथंच ठाण मांडून बसले. नाताळात मिरच्या लाल झाल्या, मग बी काढलं, वाळवलं, कंपनीला गेलं. निकालाची वाट बघायची राहिली. सून मला बाजारात भेटायची तेव्हा आम्ही दोघी हवापाण्याच्या गप्पा मारायचो.

मावशीला मी जालन्याला दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. एक डोळा चांगला झाला, दुसऱ्यात मुळातच काही उरलं नव्हतं. पट्टी सोडली त्या दिवशी तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, बया, तू म्हातारी झालीस की. मी म्हणाले, तुमच्यामुळंच. मुलगा पुण्याहून आला होता, तो म्हणाला, आता काम बंद. ती म्हणाली, बघू.

उन्हाळ्यात निकाल आला. माल पास झाला. सून पळत आमच्या घरी आली आणि दारातच माझ्या गळ्यात पडली. माल नेहमीपेक्षा कमी भरला होता, त्यावरून आबा गावभर कुरकुरले. पण कुणी छेडलंच तर म्हणायचे, पास झाला तर नेट तिचं असं म्हणलं व्हतं मी, किती भरला पाह्यजे ते म्हणलं नव्हतं. शब्दाला पक्कं माणूस. नेट तिचं राहिलं.

नवा हंगाम आला. पहिल्या दिवशी नेटच्या दारात दोऱ्यांची पिशवी उघडली. ज्या त्या बाईनं आपला रंग घेतला. निळ्याला कुणी हात लावेना, माझी मैत्रीणसुद्धा नाही. तेवढ्यात मावशी आली, नाकावर नवा चष्मा, हातात जुनाच चिमटा. निळ्या दोऱ्याची गुंडी उचलली आणि मैत्रिणीला म्हणाली, काहून, यंदा भांडत न्हाईस? मैत्रीण म्हणाली, यंदा राहू दे तुमच्याकडंच. प्रार्थना झाली, बाया आत गेल्या.

सुनेनं तिला नको म्हणावं, अशी एक वाईट इच्छा मनात येऊन गेली, म्हणजे मला म्हणावं लागलं नसतं. सून नको म्हणाली नाही.

संध्याकाळी काम सुटायच्या आधी मावशीनं सगळ्यांसमोर मला हाक मारली. आधी माझी ओळ बघ, म्हणाली. चष्मा पुसून पुन्हा लावला. बाया हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या, सून आली, आबा दाराच्या आतपर्यंत आले आणि कुणी त्यांना अडवलं नाही. मी पहिली कळी उघडली, साफ. दुसरी साफ. मग बऱ्याच उघडल्या, सगळ्या साफ, आणि माझा जीव हलका होत चालला. मग एक उघडली आणि तळाशी, पाकळीला चिकटून, एक केसर होता. एवढासा. मी तो बोटानं काढून टाकला असता तर कुणालाही कळलं नसतं. मावशी माझ्याकडं बघत होती. जो काही एक डोळा तिला होता त्यानं बघत होती.

“मावशी,” मी म्हणाले, “हितं एक राह्यलं.”

मावशी पुढं झाली, कळी डोळ्याजवळ धरली, बघितली. मग ती तोडून फेकली आणि दोरा परत गुंडीला गुंडाळला.

“मंग बाकीच्या साफ हायेत,” ती म्हणाली. “आता विश्वास बसला माझा.”